जाड आवाजाची मुलगी

साडीच्या दुकानाची जाहिरात बोलणाऱ्या मुलीचा नेमका त्या दिवशी घसा बसला, आणि मालकांनी तिच्या जागी दुकानातल्याच मोनिका साळवेला पाठवलं. हर्षलची आणि तिची गाठ पडली ती अशी.

हर्षलचा स्टुडिओ म्हणजे नगरमधल्या एका गच्चीवरची पत्र्याची खोली. आतून जुन्या गाद्या आणि गोणपाट ठोकलेलं. टेम्पोवर लावून गावभर फिरवायच्या जाहिराती तो तिथे करायचा. साड्यांचा सेल, क्लासचे प्रवेश, निवडणुकीचा प्रचार... खरं तर गाणी रेकॉर्ड करायची म्हणून तो कर्जतकडचं गाव सोडून आला होता. गाणी मात्र कुणी घेऊन येत नव्हतं.

"काहीतरी बोला, आवाज बघतो," काचेपलीकडून तो म्हणाला.

"काय बोलू?"

एवढ्यावरच हर्षलने मान वर केली. आवाज जाड होता, जरासा घोगरा, छातीच्या पार तळातून आलेला.

"सर्दी झालीय का?"

"नाही. असाच आहे." ती सरळ त्याच्याकडे बघत होती. "परत जाऊ?"

"तसं नाही म्हटलं मी—"

"सगळे तसंच म्हणतात."

तेवढ्यात परतीचा पाऊस पत्र्यावर कोसळला आणि रेकॉर्डिंगचा प्रश्नच मिटला. हर्षल खाली जाऊन चहा घेऊन आला. अर्धा भिजलेला, दोन्ही हातांत ग्लास. टेबलावर ठेवलेल्या हेडफोनमधून काहीतरी बारीक ऐकू येत होतं. त्याने तो कानाला लावला... आणि तसाच उभा राहिला.

माईक बंद आहे असं समजून ती आत डोळे मिटून गात होती. चर्चमधलं भजन असावं. वर पाऊस धो धो वाजत होता, आणि त्याखालून तो आवाज संथ, ओला, कुणाचीच घाई नसल्यासारखा वाहत होता. चहावर साय धरली तरी हर्षलला भान नव्हतं.

तिने डोळे उघडले. "तुम्ही ऐकत होतात?"

"माईक चालूच होता."

"मग सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर थांबला असतात."

तिने ओठ दाबून हसू लपवलं. पाऊस कमी झाल्यावर जाहिरात पहिल्या झटक्यातच नीट झाली, पण हर्षल म्हणाला, "अजून एकदा घेऊ."

"काय चुकलं?"

"काही नाही."

"मग?"

"पाऊस अजून पुरता थांबला नाही... जाणार कशा तुम्ही?"

त्यानंतर दुकानाला सुट्टी असली की मोनिका गच्चीवर येऊ लागली. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. तिची गोष्टही त्याला अशीच तुकड्यातुकड्यांनी समजली. ती जामखेडची. आई-वडील ऊसतोडीला जायचे. वडील एका गळीत हंगामानंतर परतलेच नाहीत, आणि मोनिका चौथीत असताना आई उसाच्या ट्रॉलीवरून पडून गेली. आत्याने सांभाळलं, पण दिवसभर कामाला जुंपून. शाळेत समूहगीताच्या वेळी बाई म्हणायच्या, तुझा आवाज घोगरा आहे, तू नुसते ओठ हलव. चर्चमध्ये पेटी वाजवणारे काकासाहेब होते, त्यांनी मात्र तिला उचलून पुरुषांच्या रांगेत उभं केलं. "इथं बसतो तुझा आवाज," म्हणाले. परकर-पोलक्यातली मोनिका मोठ्या मिश्यांच्या बाप्यांमध्ये उभी राहून गायची.

"लाज नाही वाटली?" हर्षलने विचारलं.

"वाटली की. पण नुसते ओठ हलवण्यापेक्षा बरं होतं."

एका दुपारी त्याने तिला अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या चर्चमधून निघालेलं गाणं ऐकवलं. सोल म्हणतात त्याला. शब्द तिला कळले नाहीत. पण गाणारी बाई जिथे थांबत होती, जिथे तिचा आवाज मुद्दाम फाटत होता, तिथे मोनिकाचा हात आपोआप गळ्याशी जात होता. गाणं संपल्यावर ती म्हणाली, "म्हणजे माझ्यासारख्या आहेत बायका."

पुढच्या भेटीला ती स्वतःचं गाणं घेऊन आली, उसाच्या वाळक्या पानांचं, पाचटाचं. 

'उसाच्या पाचटात निजवलंस मला, आई,
अजून कूस बदलली की पाचट वाजतं...'

हर्षलने बेस गिटार हातात घेतली. ती खाली ठेवेपर्यंत त्याला कळून चुकलं होतं, की आता आपल्याला या मुलीचं गाणं सोडून दुसरं काही सुचणार नाही. आणि ही मुलगी सोडूनही.

हर्षलने काढलेला त्या गाण्याचा व्हिडिओ मोबाईलवरून मोबाईलवर फिरला. पुण्याच्या एका म्युझिक कंपनीने बोलावलं. तिथल्या माणसाने गाणी मन लावून ऐकली, कौतुक केलं आणि म्हणाला, "अल्बम करू आपण. फक्त आवाज जरा पातळ करून घेऊ कॉम्प्युटरवर. ऐकणाऱ्याला गोड लागला पाहिजे."

"मग गाणारी पण दुसरीच घ्या," मोनिका शांतपणे म्हणाली आणि उठली.

परतीच्या बसमध्ये शिरूर आल्यावर हर्षल पुटपुटला, "एकदा हो म्हणून बघायचं होतंस. पुढच्या अल्बमला..."

तिने खिडकीकडे तोंड फिरवलं. "माझा आवाज आवडणारा तू एकटाच होतास, हर्षल."

'होतास' हा शब्द त्याला चांगलाच लागला. त्यानंतर ती गच्चीवर आली नाही. फोन उचलेना. गच्ची तीच, खोली तीच, पण हर्षलला तिथे बसवेना. शेवटी तो साडीच्या दुकानात जाऊन गिऱ्हाइकासारखा गादीवर बसला.

"कुणासाठी दाखवू?" तिने वर न बघता विचारलं.

"आईसाठी."

एकावर एक साड्या उलगडत गेल्या. मालक जरा लांब गेल्यावर तो हळूच म्हणाला, "मी घाबरलो होतो. वाटलं, एवढी चालून आलेली संधी... तू बरोबर होतीस."

"ही काठाची बघा."

"गावाकडं आमचं कांद्याचं गोदाम रिकामं आहे. दगडी. आवाज छान घुमतो तिथं. आपणच करू अल्बम. कुणाला विचारायचं नाही, काही पातळ करायचं नाही."

तिने हातातल्या साडीची सावकाश घडी घातली. "ही जांभळी न्या," ती म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी त्याच्याकडे बघून हसली. "आईंना शोभेल."

गोदामात रेकॉर्डिंग सुरू झालं, पण हर्षलचे वडील आप्पासाहेब यांना हे काही पसंत नव्हतं. पोरगी परक्या समाजातली, गावात चर्चा होणार. ते गोदामाकडे फिरकलेच नाहीत, विहिरीवर बसून राहिले. पण विहिरीवरच्या मोटारीची घरघर प्रत्येक गाण्यात यायला लागली. लाईट जेमतेम काही तासच असते, त्यात कांद्याला पाणी चाललेलं. आप्पांना मोटार बंद करा म्हणायची हर्षलची छाती होईना.

मोनिकाने तसंच गायला सुरुवात केली. आईचं गाणं. दुसऱ्या ओळीला घरघर अचानक थांबली. हर्षलला वाटलं लाईट गेली, पण गोदामातला दिवा चालूच होता.

गाणं संपल्यावर तो बाहेर आला. आप्पासाहेब दाराशी पोत्यावर बसले होते, टोपी मांडीवर.

"मोटार म्याच बंद केली," ते म्हणाले. "पानी उद्या दिऊ. लई खोल हाय रं पोरीचा आवाज. आपल्या हिरीवानी."

आत मोनिकाने ऐकलं. शाळेत, नातलगांत, पुण्यात... एवढ्या वर्षांत तिच्या आवाजाला असं कुणी म्हटलं नव्हतं. ती भिंतीकडे तोंड करून रडली, आणि आत आलेल्या हर्षलने तिला रडू दिलं.

'पाचट' नावाचा तो अल्बम उन्हाळ्यात ऑनलाइन आला. पुण्या-बंगळुरूकडच्या पोरांनी डोक्यावर घेतलाच, पण ऊसतोडीच्या कोप्यांवरून, मजुरांच्या झोपड्यांमधून आलेले मेसेज मोनिकाने पुन्हा पुन्हा वाचले. कुणी लिहिलं होतं, ताई, ट्रॅक्टरवर तुमचंच गाणं लावलंय. जामखेडहून आत्याचाही फोन आला. ती नुसती म्हणाली, "ऐकलं गं," आणि फोन ठेवला.

पुढे नगरच्या सभागृहात पहिला कार्यक्रम ठरला. दुपारी आवाजाची तपासणी चालली होती. पोरं खुर्च्या मांडत होती, आप्पासाहेब सगळ्यांच्या आधी येऊन पहिल्या रांगेत बसले होते. पार मागे, मिक्सरपाशी हर्षल.

"ऐकू येतंय?" स्टेजवरून मोनिका म्हणाली.

त्याने अंगठा दाखवला.

"मागच्या रांगेपर्यंत?"

पुन्हा अंगठा.

"मग ऐक..." ती माईकच्या जवळ आली. "एवढी गाणी लिहिली, पण हे काही गाण्यात बसेना. मला तू आवडतोस, हर्षल. लई आवडतोस."

खुर्च्या मांडणारी पोरं होती तिथेच थांबली. हर्षलचा हात मिक्सरवर तसाच राहिला. आप्पासाहेबांनी सावकाश मान वळवून मागे पाहिलं.

"आरं, ती काय म्हनली ऐकलं न्हाई का? जबाब दे की पोरीला."

हर्षलच्या समोरही एक माईक होता. तो त्याने उचलला, तोंडापाशी नेला... आणि परत खाली ठेवला. मग खुर्च्यांमधून वाट काढत तो स्टेजकडे निघाला. जे सांगायचं होतं, ते तिला एकटीलाच ऐकू जायला हवं होतं.