डावीकडची सीट

आकाश, तो फोन खाली ठेव बघू. संध्याकाळपासून ती लाल गाडी तू मला चौथ्यांदा दाखवतोयस. दोन दारं, दोनच सीट, इंजिन पाठीमागे, आणि तरी एवढी स्वस्त. का स्वस्त, ते खाली बारीक अक्षरात लिहिलंय. ओवीनं वाचलं, म्हणून ती गप्प आहे. तू वाचलं नाहीस. असो. गच्चीचं दार ओढून घ्या आणि जरा जवळ सरका, गार आहे. अशीच एक गाडी घ्यायची की नाही, ते ठरवायला माझ्या ओळखीतला एक माणूस निघाला होता. दोन हजार पंचवीस सालची दहा जानेवारी. शुक्रवार.

राजेंद्र त्याचं नाव. अंबरनाथच्या एका कारखान्यात तो तपासनीस होता. मशीनवरून नग आला की गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, घालून बघायचा. बसला तर पास, नाही बसला तर लाल पेटीत. सव्वीस वर्षं हेच काम. त्याच्या हातून खराब नग सुटलाय असं कधी झालं नाही. माणूस सरळ, डोकं थंड. भुताखेतांना तर त्यांच्या घरात थाराच नव्हता. अंधारात दिसतं ते आपल्याच डोक्यातलं असतं, हे वडिलांनी लहानपणीच पक्कं करून ठेवलेलं.

त्याची बायको माया. त्या रात्रीच्या चौदा महिने आधी मेथी निवडता निवडता ती बसल्या जागी कलंडली. डोक्यात रक्तस्राव. आधी दुखणं नाही, चक्कर नाही, काही म्हणजे काही नाही. राजेंद्र रडला नाही. तिच्या पुण्यानुमोदनाला, शोकसभेच्या दिवशी, आलेल्यांना पाणी देत फिरत होता. लोक म्हणाले, धक्का बसलाय, निवळेल. ते काही निवळलं नाही. चहानं जीभ पोळली तरी त्याला कळायचं नाही. थंडीत सगळी सोसायटी कानटोप्या घालून फिरायची आणि हा अर्ध्या बाह्यांच्या शर्टात. मुलगी प्रीती पुण्यात नर्स आहे, ती रोज फोन करून विचारायची, बाबा जेवलात का? हा जेवलो म्हणायचा. जेवलेला असायचाही. चव विचारली असती तर सांगता आली नसती.

आता गाडीचं. लग्न झालं त्या वर्षी दोघं स्कूटरवरून बारवी धरणाकडे निघाली होती. मागून एक लाल गाडी आली आणि सुसाट पुढे गेली. माया त्याच्या कानाशी ओरडली, "एकदा तसल्या गाडीत बसवा मला, मग कुठंही न्या!" हा म्हणाला, बसवीन. पुढे घर झालं, मुलीचं शिक्षण झालं, स्कूटर बदलून दुसरी स्कूटर आली. माया वर्षातून एकदा तरी चिडवायची, काय हो, आमची लाल गाडी कुठवर आली? आणि आता ती नसताना उल्हासनगरच्या तसल्याच एका लाल गाडीची जाहिरात त्याला दिसली आणि त्यानं फोन लावला. का लावला, ते त्यालाही धड सांगता आलं नाही.

सोबत साईनाथ मेकॅनिकला घेतलं. हा बारवी रस्त्यावरच्या पाड्यातला, गॅरेज पालेगावच्या नाक्यावर. त्याची एकच अट होती. "दादा, गाडीवाल्या शेठला सांगा, सकालपासून चावी लावायची नाय. थंड इंजिनच खरं बोलतं. आपून गेलो की मी पयला हात लावनार. गरम लागलं, तर समजायचं आपल्या आधी कोनीतरी येऊन गेलं."

राजेंद्रची ड्यूटी संपल्यावर रात्री साडेनऊला दोघं उल्हासनगरच्या कॅम्प पाचला पोचले. गाडीचे मालक हरेश नागदेव. साठीचे गृहस्थ, गळ्यात मफलर, आणि हे मी मुद्दाम सांगतो, माणूस शंभर टक्के खरा.

"साईं, मी काही लपवणार नाही," ते सिंधी ढंगात राजेंद्रला म्हणाले. "इसको एक बीमारी है. इंजिनच्या आत एक बेअरिंग आहे. बऱ्याच गाड्यांत काही होत नाही. पण गेला तर पुरा इंजिन जाम. चालत्या गाडीत गेला तर मागची चाकं पण जाम."

"आधी आवाज येतो?" राजेंद्रनं विचारलं.

"कभी आता है, कभी नहीं."

"बेअरिंग काढून तपासता येतं?"

"इंजिन उतरवल्याशिवाय नाही."

साईनाथनं इंजिनावर तळहात ठेवला. गार. मग चालू करायला लावलं, लांब पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून पाच मिनिटं ऐकत राहिला.

"आज बरा हाय," तो म्हणाला. "उद्याचं मी नाय सांगनार. दादा, मला इचाराल तर सोडा. ही गाडी जीव घेनारी हाय."

हे ऐकून राजेंद्रला काहीच वाटलं नाही. गेज लावता येत नाही असा नग त्याच्यासमोर पहिल्यांदा आला होता, एवढं त्याच्या मनात आलं. खरं सांगायचं तर त्या रात्री त्याला गाडीची पारख करायचीच नव्हती. ज्याला मरणाचंच काही वाटेनासं झालंय, त्याला धोका काय सांगणार?

नागदेव म्हणाले, "रात्री रस्ता मोकळा असतो, चालवून बघा. सकाळी दहाला हो की नाही ते सांगा." राजेंद्रनं आपली स्कूटर त्यांच्याकडे ठेवली आणि साईनाथला पाड्यावर सोडायचं म्हणून दोघं निघाले.

साईनाथ डाव्या सीटवर बसला आणि गाडी हलताच टिंग टिंग वाजायला लागलं.

"हे काय?"

"बेल्ट लाव. सीटवर वजन असलं आणि बेल्ट नसला की वाजतं."

त्यानं बेल्ट लावला, आवाज थांबला. अंबरनाथ गेलं, बदलापूरच्या इमारती गेल्या, दिवे संपले, झाडं लागली. पाड्याच्या वळणावर साईनाथ उतरला. "दादा, सेटर?" त्यानं विचारलं. "नाही वाजत मला थंडी," राजेंद्र म्हणाला. साईनाथनं दार लावलं आणि तो अंधारात गेला.

तेव्हा अकरा चाळीस झाले होते.

राजेंद्रनं गाडी परत फिरवली. काचा खाली केलेल्या. रस्त्यावर चिटपाखरू नाही. दोनेकशे पावलं गेला असेल नसेल...

टिंग. टिंग. टिंग.

त्यानं डावीकडे पाहिलं. सीट रिकामी.

सेन्सर बिघडला असेल, त्याला वाटलं. जुनी गाडी आहे. त्यानं ती बाजूला घेतली, बंद केली, पुन्हा चालू केली. निघाला.

टिंग. टिंग. टिंग.

मग त्यानं सवयीप्रमाणे तपासायचं ठरवलं. डावा हात लांब केला आणि सीटवर ठेवला. ओवी, हसू नकोस. सीट दबलेली होती. साईनाथ उतरून गेल्यावर फुगायला हवी होती ना? ती दबलेलीच होती. त्यानं हात मागे घेतला. तो घाबरला का? नाही. घाबरायलाही आत काहीतरी जागं असावं लागतं.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. माया कुठल्याही गाडीत बसली की बेल्ट लावायची नाही. गळ्याला काचतो म्हणायची. मग हा वाकायचा, तिचा पदर दुमडून पट्ट्याखाली घालायचा आणि बेल्ट लावून द्यायचा. भाड्याच्या गाडीत ड्रायव्हर आरशातून बघायचा आणि ती लाजायची. दर वेळी. आणि मित्राची गाडी चालवताना यानं किंवा भाड्याच्या ड्रायव्हरनं वेग वाढवला की स्वतःच खटकन बेल्ट काढायची. "थांबवा. मला उतरायचंय." मग थांबावंच लागायचं.

राजेंद्र तिथेच थांबला. वाकला. पट्टा ओढला. खटका लावला.

आवाज बंद.

पट्टा सीटला टेकला नाही. वीतभर पुढेच राहिला. मध्ये काहीतरी असल्यासारखा...

तो बराच वेळ तिकडे बघत होता. चौदा महिन्यांत कुणाशी मनातलं बोललेला नव्हता. त्यानं गिअर टाकला.

पुढे सरळ रस्ता आहे, तुम्ही पाहिलाय. साठ. ऐंशी. झाडं नुसती मागे पळत होती. नागदेव म्हणाले होते तेही त्याला आठवत होतं, साईनाथ म्हणाला होता तेही. सगळं आठवत होतं आणि पाय दाबतच होता. शंभर. आता जायचं तर जाऊ दे, असं काहीतरी. तेही फार जोरात नाही, नुसतं मनात येऊन गेलेलं.

एकशे दहा.

खट्.

बेल्ट निघाला.

टिंग. टिंग. टिंग. टिंग.

"लाव," राजेंद्र म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही.

टिंग. टिंग. टिंग.

"माया, लाव तो."

...

टिंग. टिंग.

त्याचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. सव्वीस वर्षांच्या संसाराची सवय, दुसरं काय. शंभर. सत्तर. चाळीस. वीस. गाडी रस्त्याकडेला मातीत उतरली आणि जेमतेम माणसाच्या चालीनं सरकत होती, तेवढ्यात मागे एकच कडाका झाला. चाकं जागच्या जागी जाम. गाडी वीतभर घसरली. थांबली. सगळे दिवे गेले.

शांत.

मग डावीकडचं दार उघडल्याचा आवाज आला. हळूच, संसारी बाईमाणूस उघडतं तसा. आणि लागल्याचा.

राजेंद्र हलला नाही. किती वेळ, माहीत नाही. मग त्याच्या लक्षात आलं की आपले दात वाजतायत. बोटं बधिर झालीयत, उघड्या काचेतून वारा हाडापर्यंत शिरतोय. त्याला थंडी वाजत होती. चौदा महिन्यांत पहिल्यांदा. आणि ती थंडी वाजली तसा तो स्टिअरिंगवर डोकं टेकून ढसाढसा रडला. मला हे त्यानंच सांगितलं, सांगताना लाजला नाही.

फोनला रेंज नव्हती. चालत पाड्यावर गेला, साईनाथला उठवलं. साईनाथनं घोंगडी दिली, बॅटरी घेतली, दोघं परत आले तेव्हा दीड वाजून गेला होता. साईनाथनं मागचं झाकण उघडून पाहिलं, इंजिन फिरवून बघितलं आणि मान हलवली. इंजिन जाम झालं होतं, म्हणजे बेअरिंगच गेलं असणार.

"तुमी कितीवर होता?"

"वीस."

"वीस का? रस्ता मोकला तं होता."

साईनाथनं मग सवयीनं गाडीत हात घालून डाव्या सीटवर तळहात ठेवला. झटकन काढला. राजेंद्रकडे बघितलं. पुन्हा ठेवला. मग तो पाड्याकडे चालू लागला.

सकाळी दहाला नागदेवांना फोन गेला. ते बिचारे म्हणत होते, साईं, बीमारी माझ्या गाडीची होती, तुम्ही कशाला घेता? राजेंद्र म्हणाला, माझ्या हातात गेली, माझी झाली. त्याच्या सगळ्या नोकरीत न तपासता पास केलेला तो एकच नग.

तीच ती लाल गाडी, खाली पार्किंगच्या कोपऱ्यात, निळ्या ताडपत्रीखाली. राजेंद्र आपल्याच बी विंगचा, प्रीतीकडे पुण्याला गेला की चावी माझ्याकडे असते. इंजिन काढून टाकलंय. बॅटरीही नाही. वर्ष झालं, दार उघडायचं काही कारण नाही. परवा पहाटे, तेरा डिग्री होतं तेव्हा, मी ताडपत्री वर केली. सगळीकडे बोटभर धूळ. काचेवर, स्टिअरिंगवर. डाव्या सीटवर नाही. मी हात ठेवला.

गरम होती.

आपलं सोसायटीचं ते मांजर आहे ना, ऊब शोधत फिरणारं? ते इंजिन काढलंय तिथल्या फुटक्या जाळीतून आत शिरून बसतं रोज. उजव्या सीटवर. धुळीत. डावीकडे तोंड करून.