वहिनींचं शेवटचं पान

बसा जरा सरकून. दिवा राहू दे बंद, माझ्या डोळ्यांना त्रास होतो. आणि भाचीबाई, तो मोबाइल उलटा ठेव. ऐकणाऱ्याचं तोंड निळं दिसायला लागलं की सांगणाऱ्याचा हुरूप जातो.

भुताखेतांवर माझा विश्वास आहे का, असं पुतण्या मघाशी विचारत होता. पूर्वी मी ठणकावून नाही म्हणायचो. आता गप्प बसतो. हे जे सांगतोय ते माझ्या मित्राचं आहे. निम्मं त्यानं सांगितलेलं, उरलेलं मी तिथं बसून ऐकलेलं.

त्याला आम्ही शाळेपासून चिडीचूप म्हणायचो. दिवसभरात चार वाक्यं बोलला तर घरचे ताप आलाय का म्हणून कपाळाला हात लावून बघायचे. आणि लग्न झालं ते नेमकं अखंड बोलणाऱ्या बाईशी. वहिनींचा आवाज असा, की त्यांनी किराणाची यादी वाचली तरी माणूस जागचा हलू नये. अंधशाळेतल्या मुलांसाठी त्या पुस्तकं वाचून कॅसेटवर भरून द्यायच्या. एक पैसा न घेता, वर्षानुवर्षं.

रोज संध्याकाळी दोघं जेवणाच्या टेबलाशी समोरासमोर बसायचे. वहिनी वाचायच्या. चिडीचूप टेपरेकॉर्डर सांभाळायचा आणि पुस्तकाच्या दुसऱ्या प्रतीत डोळे घालून बसायचा. टेप फिरत असताना बोलायची सोय नाही. म्हणून वहिनींचा एखादा शब्द चुकला, की हा पेन्सिलीचं मागचं टोक टेबलावर वाजवायचा. टक्. एकदाच. वहिनी तिथल्या तिथे थांबायच्या. हा टेप मागे घ्यायचा आणि त्या ते वाक्य पहिल्यापासून वाचायच्या. पुढे पुढे ही खोड इतकी अंगात मुरली की जेवताना वहिनींनी कुणाच्या वयाचा चुकीचा आकडा सांगितला तरी ह्याचा चमचा वाजायचा. वहिनी म्हणायच्या, "भावोजी, बाकीच्या बायकांचे नवरे भांडतात तरी. माझा नुसता टकटक करतो." पण थांबायच्या. आणि बिनतक्रार पुन्हा सांगायच्या.

शेवटचं पुस्तक अर्धवट राहिलं. गाव सोडून गेलेली एक बाई म्हातारपणी घरी परत येते, अशी कादंबरी होती. दीड पान उरलं होतं. वहिनी म्हणाल्या, आज घसा बरा नाही, उद्या संपवू. दुसऱ्या दिवशी त्यांना दवाखान्यात हलवावं लागलं, आणि तिथून त्या आल्याच नाहीत. टेपरेकॉर्डर शाळेचा होता, तो परत गेला. ती शेवटची कॅसेट मात्र कपाटात राहिली. पंधरा वर्षं. त्या घरात कॅसेट वाजवायला यंत्र नव्हतं, आणि मला वाटतं, नव्हतं म्हणूनच तो जगला.

तीन वर्षांपूर्वी शाळेतून फोन आला. जुन्या कॅसेटी सगळ्या कॉम्प्युटरवर चढवतायत, या पुस्तकाची शेवटची सापडत नाही. तुमच्याकडे असली तर ऐकून सांगा, बाई कुठपर्यंत आल्या होत्या. उरलेलं दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ.

म्हणून आम्ही दोघं बाजारात गेलो. जुन्या वस्तू दुरुस्त करून विकणारा एक दुकानदार आहे, त्याच्याकडे हातात धरून नेता येईल असा छोटा टेपरेकॉर्डर मिळाला. वर मूठ, पुढे जाळी, पाच खटके. दुकानदार बोलका. "काका, पट्टा नवा, मोटार नवी, हेड नवं. जुनं म्हणाल तर नुसतं खोकं. आता माझ्यासारख्यालाही असं नवं करून देणारा कुणी भेटला पाहिजे." मी हसलो. चिडीचूप हसला नाही. त्यानं तो डबा छातीशी धरला आणि घरापर्यंत कुणाच्या हातात दिला नाही.

त्या रात्री त्यानं कॅसेट लावली. वहिनी वाचायला लागल्या. तो म्हणतो, पहिल्या वाक्यालाच मला रडू फुटलं. साहजिक आहे. पंधरा वर्षांनी. पुस्तक समोर उघडून, हातात पेन्सिल धरून बसला होता, कुठं थांबली त्याची खूण करायला. आणि एका ठिकाणी वहिनींनी 'ओसरी'च्या जागी 'खोली' वाचलं. त्या काळी त्याच्या नजरेतून निसटलेली चूक. हात सवयीनं गेला.

टक्.

वहिनी थांबल्या.

त्याला वाटलं, टेप अडकली. पण चकत्या फिरत होत्या. पान सरकल्यासारखा आवाज आला. एक श्वास… आणि त्यांनी ते वाक्य पहिल्यापासून वाचलं. 'ओसरी' म्हणाल्या.

नाही गं, घाबरू नकोस एवढ्यात. तो घाबरला नव्हता. त्याला आनंद झाला होता. मी असतो तर मलाही झाला असता, खोटं कशाला बोलू.

मग तो रोज रात्री बसायला लागला. चूक नसली तरी पेन्सिल वाजवायचा. वहिनी मागे जायच्या, तेच वाक्य पुन्हा. शाळेचे फोन येत होते, तो उचलत नव्हता. मलाही घरात घेत नव्हता. आणि डिसेंबरातल्या पहिल्या शनिवारी, रात्री अकराच्या सुमाराला, त्याचा मला फोन आला. "ये. आत्ता." बस्स.

मी गेलो. चांदणं लख्ख होतं, रस्त्यावर चिटपाखरू नाही. दार उघडंच होतं. स्वयंपाकघरातला दिवा चालू. टेबलावर तो टेपरेकॉर्डर, ह्याच्यासमोर पुस्तक, आणि पलीकडे वहिनींची खुर्ची. रिकामी. माझा मित्र निम्मा झाला होता. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले.

त्यानं मला सगळं सांगितलं. आयुष्यात तो माझ्याशी इतकं सलग कधी बोलला नव्हता. मग म्हणाला, "तिचा आवाज बसत चाललाय रे. ऐक."

त्यानं खटका दाबला. वहिनीच होत्या. पण आवाज खरखरीत, ओढून काढलेला. मधेच खोकला. ही टेप भरली तेव्हा त्यांना खोकला नव्हता, हे मला पक्कं ठाऊक आहे.

"मग तू थांबव ना हे टकटक," मी म्हणालो.

"थांबवलं की ती पुढे जाते."

"जाऊ दे की पुढे."

"पुढे टेप कोरी आहे. तिनं ते वाचलंच नव्हतं कधी. पण ती वाचतेय… काल अर्ध्या पानापर्यंत आली. तिला पुस्तक संपवायचंय. संपलं की जाईल." तो माझ्याकडे बघत नव्हता. "मला कळतं, तिला त्रास होतोय. पण हात राहत नाही."

मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. आपलं माणूस दोनदा घालवायला सांगायचं होतं त्याला. तरी मी सांगितलं. "एकदा वहिनींना निवांत वाचू दे. मी आहे इथं."

मग त्यानं पेन्सिल माझ्या हातात दिली. मी ती खिशात घातली. तो आपले दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला, लहान मूल बसतं तसा.

वहिनी वाचायला लागल्या.

आम्ही पुस्तकात बघत होतो. शब्दाला शब्द जुळत होता. एक पान झालं. त्यांचा आवाज हळूहळू मोकळा होत गेला. पूर्वीसारखा. चिडीचूपच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण हात मांडीखालीच. शेवटचा परिच्छेद आला. ती म्हातारी आपल्या घराच्या दाराशी येते. वहिनी वाचत होत्या, "तिनं पायातल्या चपला काढल्या, दाराला हात लावला आणि…"

टक्.

वहिनी थांबल्या.

मी त्याच्याकडे बघितलं. हात मांडीखाली. पेन्सिल माझ्या खिशात.

श्वास… पान सरकलं… "तिनं पायातल्या चपला काढल्या, दाराला हात लावला आणि…"

टक्.

"मी नाही," तो पुटपुटला. "मी नाही केलं."

"तिनं पायातल्या चपला काढल्या…"

टक्. आता वाक्य दारापर्यंत पोचण्याआधीच.

मी बंदचा खटका दाबला. चालूचा वर आला. काचेतून दिसत होतं, चकत्या थांबल्या. वहिनी थांबल्या नाहीत. मी वायर उपटली. "तिनं पायातल्या…" टक्. आवाज पुन्हा बसायला लागला. खोकला आला. आणि माझा मित्र उठला. जन्मभर ज्यानं आवाज चढवला नाही, तो त्या जाळीला तोंड लावून ओरडला. "ते मी नाही! ऐकू नकोस. पुढे वाच तू. अगं, पुढे वाच…"

टक्.

वहिनी मागे गेल्या.

पोरांनो, त्याच्या बोलण्यावर त्या कधी चालल्याच नव्हत्या. तो बोलायचाच कुठं? त्यांना त्या टकटकीची सवय होती. ती ह्यानंच लावली होती. आणि आता टकटक करणारा दुसराच कुणी होता…

तो विनवत राहिला. नाव घेत राहिला. मी कॅसेट बाहेर काढली. हातात धरून उभा राहिलो. तरी…

"तिनं…"

टक्.

"ति…"

टक्.

मग शब्द येईनासे झाले. नुसता श्वास. श्वास घेतला की…

टक्.

किती वेळ, ते मला विचारू नका. आम्ही दोघं जाणती माणसं, भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसलो होतो. काही करता येत नव्हतं. काहीही. बाहेर दूधवाल्याची सायकल वाजली तेव्हा कधीतरी ते थांबलं.

सकाळी मी टेपरेकॉर्डर दुकानात नेला. दुकानदारानं माझ्यादेखत उघडला, सगळे भाग दाखवले, दुसरी कॅसेट लावली. उत्तम वाजत होता. वहिनींची कॅसेट लावली. त्यावर काही नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत खरखर. पंधरा वर्षं जपलेला आवाज, त्यातला एक शब्द शिल्लक नाही. "काका, पुसली गेली असणार," तो म्हणाला. मी हो म्हणालो.

शाळेनं सगळी शेवटची कॅसेट एका तरुण मुलीकडून नव्यानं वाचून घेतली. पुस्तक पुरं झालं. चिडीचूपनं मला विचारलं, "तिनं वाचलं म्हणजे ही सुटली असेल का रे? की अजून तिथंच असेल, दाराशी?" त्यानंतर तो त्याबद्दल बोललेला नाही. खरं म्हणजे कशाबद्दलच फारसा बोलत नाही.

महिन्याभरानं त्यानं ते टेबल देऊन टाकायचं ठरवलं. स्वयंपाकघरात जेवायला बसवत नाही म्हणाला. मी आणि टेम्पोवाला उचलायला गेलो. सरळ काही दारातून निघेना, म्हणून आम्ही ते पालथं केलं.

वहिनींच्या बाजूला, फळीच्या खालच्या अंगाला, वाटीच्या तोंडाएवढी जागा खड्ड्यासारखी खोल गेली होती. मी बोट लावलं. बारीक बारीक ठिपके होते. पेन्सिलीच्या टोकाएवढे, एकाला एक लागून, शेकड्यांनी. लाकूड आतून पांढरं होतं, ताजं. टेम्पोवाला म्हणाला, "घुशीचं काम दिसतंय." चिडीचूपनं माझ्याकडे बघितलं आणि दोघांनीही मान डोलावली.

आम्ही टेबल गाडीत चढवलं. बोटाला लागलेला भुसा मी पँटला पुसला, तेव्हा तो महिन्यानंतरही ओलसर होता.