घोटमाळचा राखणदार

चुलीवर चहाला उकळी फुटत होती आणि भिंतीपलीकडे शेजारच्या कांचनचा बोलका कोश अगदी गोड आवाजात दामूतात्यांच्या घराण्याची अब्रू काढत होता.

"राखणदार म्हणजे रक्षण करणारा, पहारेकरी," कोश सांगत होता. "वाक्यात उपयोग: आमचा नवा पहारेकरी म्हणजे घोटमाळचा राखणदार, चोराला उघडं दार."

तात्यांनी सांडशी ओट्यावर आपटली. देवाचं नाव घ्यायच्या आधी रोज हे ऐकायचं म्हणजे काय शिक्षा आहे का माणसाला?

बोलका कोश म्हणजे मुठीएवढी डबी. सरकारने घरोघरी, शाळाशाळांत वाटलेली. शब्द विचारला की ती अर्थ सांगते आणि लोकांच्या बोलण्यातलंच एखादं उदाहरण देते. वस्तू चांगली, वाद नाही. पण तालुक्यातल्या चार म्हाताऱ्यांबरोबर जी म्हण सुखाने मसणात गेली असती, तिला या डबीने उचललं आणि गडचिरोलीपासून सावंतवाडीपर्यंत पोराटोरांच्या तोंडी घातलं. आता घोटमाळ हे गाव नकाशात कुणाला सापडत नव्हतं, पण हसायला सगळ्यांना येत होतं.

आणि ज्या राखणदाराला हसायचं तो तात्यांच्याच घराण्यातला, असं गाव मानत आलेलं. त्यांच्या घरात देवळाची किल्ली कधी आली नाही. तात्या शाळेचे मुख्याध्यापक होते, पण शाळेच्या किल्ल्या शिपायाकडे असत. चेष्टेत सगळं चालायचं. चेष्टा करणारा विसरतो, ज्याची होते त्याच्या ती हाडात राहते.

गेल्या महिन्यात कांचन मोठ्या सौर प्रकल्पावर पहारेकऱ्याच्या जागेसाठी मुलाखतीला गेली होती. पळण्यात पहिली, उंचीत बसलेली. साहेबांनी गाव विचारलं. तिने सांगितलं. तिघेही साहेब खो खो हसले आणि चहा पाजून तिला परत पाठवलं. त्या दिवशी तात्यांचा संयम संपला.

कोशमंडळाचा एक नियम होता. एखादी म्हण परक्यांनी आकसाने एखाद्या गावावर किंवा समाजावर चिकटवली असेल, तर ती कोशातून काढता येते. फक्त उगमाचा पुरावा हवा. तात्यांनी अर्ज केला. सगळ्या गावाने सह्या केल्या, किल्ली न देणाऱ्यांनीसुद्धा. पुरावा कुठून आणायचा हाही प्रश्न नव्हता. तात्यांची लेक शलाका पुण्यात तेच काम करत होती.

तिच्या यंत्रणेचं नाव वंशवेल. हजारो माणसांच्या बोलण्याच्या ध्वनिफिती ती ऐकते आणि एखादी म्हण कुठून कुठे गेली ते नकाशावर काढते. कशी, असं तात्यांनी एकदा विचारलं होतं.

"चुकांवरून," शलाका म्हणाली होती. "म्हण बरोबर सांगणाऱ्याकडून काही कळत नाही, तात्या. चुकणाऱ्याकडून कळतं. आईची चूक लेकीकडे जाते, आईच्या नाकासारखी." मग तिने एका इंग्रजी वाक्प्रचाराची गोष्ट सांगितली. 'टो द लाइन'. रेघेला पायाचा अंगठा लावून उभं राहायचं, म्हणजे नेमून दिलेलं मुकाट पाळायचं. कुणी म्हणतं ते जहाजावरच्या खलाशांचं, कुणी म्हणतं शर्यतीत धावणाऱ्यांचं. पण पायाचं बोट आणि ओढणं या दोन्हींचा इंग्रजी उच्चार 'टो'च, म्हणून कितीतरी इंग्रज ते चुकीचं लिहितात. त्यांना वाटतं ही रेघ नाही, दोर आहे, आणि तो ओढायचा. "वंशवेलीची पहिली परीक्षा आम्ही त्याच्यावरच घेतली. ही चूक कुणी कुणाकडून उचलली, ते तिने बिनचूक सांगितलं."

"म्हणजे चुकीतून शहाणपण," तात्या खूश होऊन म्हणाले होते. मास्तरांना असलं काही आवडतंच.

आज दुपारी ग्रामसभा होती आणि शलाका पुरावा घेऊन येणार होती. ती आली, पण उंबऱ्यातच रेंगाळली. तात्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

"कोण निघालं? पलीकडच्या गावचे, आळसुंद्याचेच ना? मला ठाऊकच होतं. त्यांचं आपलं बांधावरून पिढीजात वाकडं."

"आळसुंदं नाही, तात्या." तिने पडदा उलगडला. त्यावर नकाशा उमटला. "मी आधी बाजाराच्या वाटा तपासल्या. म्हणी बाजारातून पसरतात असं आम्ही धरून चालतो. काही जुळेना. मग लग्नाच्या वाटा घालून पाहिल्या. कुठली लेक कुठे दिली, तिची लेक कुठे दिली. लगेच जुळलं. ही म्हण माहेरवाशिणींनी सासरी नेली."

"कुठल्या गावच्या?"

"आपल्या."

तात्यांच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"आणि ती म्हण नव्हती. हे ऐका." तिने एक ध्वनिफीत लावली. दूरच्या कुठल्या गावातली म्हातारी, दातांशिवाय, जात्यावरच्या ओवीच्या सुरात गात होती:

*घोटमाळचा राखणदार*
*चोराला उघडं दार*
*माझं तान्हं थंडगार*

तात्या ओट्याच्या कडेला खाली बसले.

शलाका हळूहळू सांगत गेली. दुष्काळ पडला होता. गावाचं धान्य पेवात होतं. पेव म्हणजे जमिनीखालचं कोठार. आज आपण कशाचंही पेव फुटलं म्हणतो, पण पेव पाहिलेला माणूस उरलेला नाही. त्या पेवावर तात्यांच्या खापरपणजोबांचा पहारा होता. घाटापलीकडून उपाशी माणसं आली आणि त्याने पेव उघडलं. पुढच्या पावसापर्यंत धान्य पुरलं नाही. घोटमाळची तान्ही मुलं गेली. ज्यांची गेली त्या बाया जात्यावर बसून हे गायल्या. त्यांच्या लेकींनी ते सासरी नेलं. वर्षं गेली, शेवटची ओळ गळाली आणि उरलेल्या दोन ओळींना लोक हसू लागले.

"हे सगळं गाण्यात आहे?"

"तुकडे आहेत. एकेका गावात एकेक. वंशवेलीने ते जोडले. आणखी एक सापडलं, त्याचं काय करावं मला कळत नाही." तिने नकाशा घाटापलीकडे सरकवला. "ती उपाशी माणसं आली त्या खोऱ्यात पीठ मळायच्या आधी बायका मूठभर बाजूला काढतात. दारी येईल त्याला द्यायला. तिला म्हणतात घोटमाळची मूठ. घोटमाळ काय आहे हे त्यांना माहीत नाही. काहींना वाटतं देवी आहे."

तात्यांनी तांब्या खाली ठेवला. मग म्हातारपणी माणूस लेकीशी बोलतो तशा, जरा ओशाळ्या आवाजात म्हणाले, "शलाके, उगम सापडला नाही असं नाही का म्हणता येणार?"

"येईल. अहवाल अजून माझ्याकडेच आहे. तुम्ही म्हणालात तर तसं लिहीन." तिने पडद्याची घडी घातली. "पण तुम्ही म्हणालात तरच."

तात्या उठले. टोपी घातली आणि चावडीकडे निघाले.

सभेला सगळं गाव लोटलं होतं. हारसुद्धा आणला होता. तात्या उभे राहिले आणि त्यांनी काहीही न लपवता सगळं सांगितलं. फक्त ती ध्वनिफीत त्यांनी शलाकाला लावायला सांगितली. तिसरी ओळ स्वतःच्या तोंडून त्यांना म्हणवली नाही. फीत संपली तेव्हा हार आणणाऱ्याने तो पाठीमागे लपवला.

"म्हणजे आमच्याच पणज्यांनी ही म्हण केली व्हय?" सरपंचांनी विचारलं.

"म्हण कुणी केली नाही, सरपंच. रडल्या त्या." तात्या म्हणाले. "जन्मभर मी आळसुंद्याला शिव्या घातल्या. आणि त्या बायांपुढे मान खाली घालायची तर माझ्याच घराण्याने घालायला हवी. परक्यांनी आकसाने केली, असं अर्जात लिहिलंय. ते खोटं आहे. अर्ज मी मागे घेतो. कोशाला एवढंच कळवू, की सांगायचं तर तिन्ही ओळी सांग आणि त्या मुठीचंही सांग. नाहीतर काहीच सांगू नको."

मागून एक म्हातारी उठली, तात्यांच्या जवळ आली आणि त्यांच्या हाताला नुसता हात लावून परत जाऊन बसली. तिच्या घरातून किती तान्ही गेली असतील, कुणास ठाऊक. तात्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसले नाहीत.

तेवढ्यात कांचन उभी राहिली. कडेवर तिची आठ-दहा महिन्यांची लेक झोपलेली होती.

"तात्या, तुमचं पटलं. पण सोमवारी माझी दुसरीकडं मुलाखत हाय. गाव कुठलं विचारतील, आन् मग हसतील. मी काय सांगू?"

"सगळं सांग. पेव, ती लेकरं, ती मूठ. ऐकल्यावर हसायचे नाहीत."

"न्हाई हसायचे. पण मग इचारतील, बाई, तू त्याच्या जागी असतीस तर दार उघडलं असतंस का." तिने कडेवरच्या पोरीला सावरलं. "रखवालीची नोकरी हाय, तात्या. व्हय म्हणलं तर मला कोण ठेवील?"

तात्यांनी शलाकाकडे पाहिलं.

"आन् न्हाई म्हणलं," कांचन हळू आवाजात म्हणाली, "तर घाटापलीकडं त्या बायांनी मूठ कुणाच्या नावानं काढायची?"