शिपाई म्हणजे शिपाई

सुट्टी लागून दोनच दिवस झाले होते आणि मुंगी, पंडित आणि ढोल हे त्रिकूट पाथरवटाच्या अंगणात एका काळ्या दगडाभोवती उकिडवं बसून नावं मोजत होतं. मुंगी अंगाने एवढीशी, पण पायाला भिंगरी. पंडित बाईंनी फळ्यावर लिहिलेल्यातही चुका काढायचा, आणि ढोलला हळू बोलणं या जन्मी तरी जमणार नव्हतं. सैन्यात नोकरी केलेल्या आणि आता हयात नसलेल्या इथल्या माणसांची नावं त्या दगडावर कोरली जात होती. रविवारी सकाळी नऊ वाजता नगरपालिकेसमोर त्याचं अनावरण होतं.

"नऊच," मुंगी म्हणाली. "घंटाकाका नाहीत."

पुन्हा मोजलं. नावं नऊच भरली आणि घंटाकाका त्यांत नव्हतेच.

घंटाकाका त्यांच्या शाळेचे शिपाई होते. सत्तावीस वर्षं शाळेची घंटा त्यांच्या हातात होती, आणि एवढ्या वर्षांत ती मिनिटभरही इकडची तिकडे झाली नव्हती. त्याआधी सतरा वर्षं ते सैन्यात होते. लढाईची गोष्ट सांगा म्हणून मुलं मागे लागली, की ते बुटाची नाडी घट्ट कशी बांधायची ते दाखवायचे आणि विषय मिटवायचे. शाब्बास हा शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नाही. फारच खूश झाले तर म्हणायचे, "वेळेवर आलास." चार महिन्यांपूर्वी ते गेले, तेव्हा मुंगी उशीत तोंड खुपसून रडली होती. त्यांच्या बायकोला मुलं आजी म्हणायची; त्या मुंगीच्या शेजारीच राहायच्या. रविवारी पहिल्या रांगेत बसणार आणि ह्यांचं नाव स्वतः बोट ठेवून वाचणार, असं त्यांनी कालच तिला सांगितलं होतं. काकांचा जुना कोटही त्यांनी ब्रश करून खुंटीला लावला होता.

आता आजींना काय सांगायचं?

ढोलने 'हळूच' चौकशी केली, ती पलीकडच्या गल्लीतही ऐकू गेली. पाथरवटाने छिन्नी बाजूला ठेवली आणि नगरपालिकेकडून आलेला कागद दाखवला. दहाव्या नावावर निळ्या पेन्सिलीची रेघ होती. नावापुढे लिहिलं होतं 'हुद्दा : शिपाई', आणि समासात कारकुनाच्या वळणदार अक्षरात शेरा होता, 'शाळेचा कर्मचारी. शिक्षण विभागाकडे पाठवणे.' दगडावर ओळी आधीच आखल्या होत्या, म्हणून दहावी जागा अजून रिकामी आहे, असं पाथरवट म्हणाला. पण उद्या दुपारी दगडाला पॉलिश होणार, मग त्यावर छिन्नी चालवता येणार नाही.

पंडितने कपाळाला हात लावला. सैन्यातल्या सगळ्यात खालच्या हुद्द्यालाही शिपाईच म्हणतात! कारकुनाला आठवला तो शाळेच्या दारातला माणूस, आणि गडी रेघ मारून मोकळा झाला.

पाथरवटाने कागद नेऊ दिला, पण डाग न पाडता परत आणायच्या अटीवर. तिघं धावतच नगरपालिकेत पोहोचले. कारकून फायलींच्या ढिगाआड बसला होता. शिपाई म्हणजे शिपाई, असं त्याने मान वर न करताच सुनावलं. प्रकरण शिक्षण विभागाकडे गेलंय, तो सुट्टीनंतर उघडेल, तेव्हा अर्ज करा. पंडित सैन्यातले हुद्दे समजावू लागला, तर कारकून म्हणाला की मला शिकवू नकोस. ढोलचा आवाज चढायला लागला तशी मुंगीने त्याच्या पायावर पाय दिला आणि कागद टेबलावर पसरला.

"काका, चौथ्या ओळीत काय आहे?"

"हवालदार."

"मग हे पोलीस चौकीत होते का?"

"छे. सैन्यातले हवालदार ते."

"कशावरून?"

कारकुनाने ओळीच्या टोकाशी बोट ठेवलं. "हा काय, सैन्यातला नंबर."

मुंगीने आपलं बोट दहाव्या ओळीच्या टोकाशी ठेवलं. निळ्या रेघेखाली तिथेही तसाच नंबर होता. कारकुनाने तो नंबर दोनदा वाचला.

ढोलच्या आवाजाने आतल्या खोलीतून मुख्याधिकारी बाई केव्हाच दारात येऊन उभ्या होत्या. त्या काही बोलायच्या आत कारकूनच उठला. "चुकलं माझं," तो म्हणाला. "मीही त्यांच्याच घंटेवर शाळेत गेलोय." आजींना हे मीच सांगेन, असं म्हणून त्याने चपला पायात सरकवल्या.

आजींनी सगळं ऐकून घेतलं. त्या रागावल्या नाहीत, उलट त्यांनी त्याला पाणी आणून दिलं, आणि तेच कारकुनाला जास्त लागलं. भरपाई म्हणून की काय, तो घाईघाईने म्हणाला की आता आपण 'सैनिक' असं कोरू, म्हणजे पुन्हा कुणाचा घोटाळा नको.

आजींनी मान हलवली. "शिपाईच लिहा. सतरा वर्षं तिकडे शिपाई, सत्तावीस वर्षं इथे शिपाई. ह्यांना दोन्हींत कधी कमीपणा वाटला नाही."

पाथरवटाने दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत तसंच कोरलं.

रविवारी शाळेची घंटा आणून दगडाशेजारी टांगली होती. ती वाजवायचा मान मुख्याधिकारी बाईंनी तिघांना दिला. नऊ वाजायला आले तरी पाहुणे अजून खुर्च्या शोधत होते, आणि कारकून हाताने जरा थांबा म्हणून खुणावत होता. ढोलने घड्याळाकडे पाहिलं आणि बरोबर नऊला टोला दिला. सगळे मुकाट्याने उभे राहिले. मग भाषणात बाईंनी मुलांचं कौतुक केलं. मोठ्यांनी न वाचता खोडलेलं या मुलांनी नीट वाचलं, असं त्या म्हणाल्या, तेव्हा कारकुनानेच सगळ्यांत आधी टाळी वाजवली.

आजी पहिल्या रांगेतून उठल्या. काकांचा कोट हातावर घेऊन त्यांनी दहाव्या ओळीवर बोट ठेवलं आणि एकेक अक्षर वाचत शेवटच्या शब्दापर्यंत गेल्या. मग वळून त्या तिघांपाशी आल्या.

"वेळेवर आलात," त्या म्हणाल्या.

या वेळी मुंगीजवळ उशी नव्हती, म्हणून ती ढोलच्या खांद्यात तोंड खुपसून रडली.