पत्ता तोच आहे ना?

दसऱ्याच्या सकाळी इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्याच्या फाटकात यामिनीचा पाय घसरला, तो फोडलेल्या कोहळ्यावरून. आदल्या दिवशी खंडेनवमीची पूजा झाली होती. कुंकवाने लाल झालेल्या फोडी रस्ताभर पडल्या होत्या, आणि ही बाई इतकी संतापलेली की खाली बघून चालायचं तिच्या डोक्यातच नव्हतं. "आई गं" म्हणेपर्यंत कुणीतरी तिचा दंड घट्ट धरला.

"लागलं काय हो? हळू यावं..."

मराठी? इथे, इतक्या दक्षिणेत? तिने वर पाहिलं. सावळा, उंच, कपाळावर चंदनाचा ओला ठिपका, आणि डोळे... डोळे चांगलेच होते. कोठून आलांत, असं त्याने हसून विचारलं. तिने कंपनीचं नाव सांगितलं, तसा दंडावरचा हात चटका बसल्यासारखा निघाला.

"तुम्हीच काय? या. आमची लॉरी बघा."

लॉरी फुलांच्या माळा घालून उभी होती. चाकांखाली ठेवलेली लिंबं अजून तशीच होती. पूजेनंतरची पहिली खेप लिंबं चिरडून शुभवेळेला निघायची होती, पण खोक्यांवरची लेबलंच छापली जात नव्हती. लेबलांचा प्रोग्राम यामिनीच्या कंपनीचा, क्लाउडवर चालणारा. कारखान्याची फायरवॉल त्याच्या एकाच आयपी पत्त्याला, म्हणजे इंटरनेटवरच्या ठरावीक आकड्याला, ओळखायची, बाकी सगळ्यांना दार बंद. आणि तो पत्ताच काल बदलला होता.

बदलला तिच्या हाताखालच्या मकरंदने. तिने त्याला बजावलं होतं की नवी आवृत्ती आहे त्याच डिप्लॉयमेंटवर, चालू मांडणीवरच, चढव, जुनं पुसू नकोस. पुसलंस की पत्ता जातो आणि पुन्हा हाती लागत नाही. पण सुट्टीच्या दिवशी कोण बघतंय, म्हणून मकरंदसाहेबांनी सगळं पुसून कोरं करकरीत उभं केलं आणि गावी निघून गेले. निस्तरायला यामिनी.

"मी त्याला सांगितलं होतं," ती म्हणाली.

"सांगितलंत. आणि आम्हाला लिहूनही दिलंत, पत्ता बदलणार नाही म्हणून. खाली सही तुमची आहे."

तिला त्याचा भयंकर राग आला, कारण तो खरं बोलत होता.

श्रीहरी त्याचं नाव. घराणं तंजावरकडच्या मराठ्यांचं. कारखान्याचं नेटवर्क तोच सांभाळायचा. नवा पत्ता आत घ्यायला मुख्य कचेरीची परवानगी लागायची, तिथे सुट्टी. शेवटी तो आत जाऊन मोठ्या साहेबांशी बोलला आणि बाहेर येऊन खुर्चीवर बसला.

"माझ्या जबाबदारीवर दार उघडतो. पुन्हा पत्ता बदलला तर माझी नोकरी जाईल, असं साहेबांनी स्वच्छ सांगितलंय. पुढचं अपडेट कोण करणार?"

"मी करेन," यामिनी म्हणाली. "दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही."

लेबलं छापली गेली. लॉरी लिंबांवरून गेली तेव्हा दोघं शेजारी उभी राहून एकमेकांवर रागावलेली होती.

दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी श्रीहरीचा फोन यायला लागला. पत्ता तोच आहे ना, एवढंच विचारायचा, आणि ती फणकाऱ्याने हो म्हणायची. मग एकदा त्याने जेवलात काय असंही विचारलं. एकदा तिने त्याच्या जुन्या वळणाच्या मराठीची टिंगल केली, तर तो म्हणाला, तुमच्या मराठीत भांडणच जास्त ऐकू येतं. ती हसली आणि लगेच स्वतःवर चिडली. फोनला उशीर झाला की मात्र जास्तच चिडायची.

पुढचं अपडेट आलं, तेव्हा अण्णा नगरच्या ऑफिसात रणकंदन झालं. मकरंद म्हणाला, सगळं पुसून नव्याने उभं करू, सुटसुटीत पडेल. यामिनी टेबलावर हात आपटून म्हणाली, "एका माणसाची नोकरी आहे त्या पत्त्यावर. पुसून दाखव, मग बघ." तिची रीत ठरलेली: नवं जुन्याच्या शेजारी उभं करायचं, तपासायचं आणि मगच दोघांची अदलाबदल करायची, म्हणजे पत्ता हलत नाही. मॅनेजर विद्युलताबाई वेळ जातोय म्हणून कुरकुरल्या. यामिनी त्यांनाही बोलली, आणि पगारवाढ आता विसरायची, हे मनाशी समजून बोलली.

नेमका त्याच दुपारी श्रीहरी ऑफिसात हजर. बाहेर पाऊस, शर्ट भिजलेला.

"विश्वास नाही ना?" ती कडाडली. "तपासायला आलात? बसा. बघा."

तो बसला. तिने अदलाबदल केली. पत्ता तोच राहिला. आकडा न् आकडा तोच. तिकडे लेबल छापलं गेलं. तिने खुर्चीत अंग टाकलं; डोळ्यांत पाणी आलं त्याचाही तिला राग आला.

"वाचली तुमची नोकरी."

श्रीहरी चुळबुळत उठला. "ते... यामिनी, माझ्या नोकरीला काही नव्हतं. मुख्य कचेरीने मागच्या सोमवारीच नवी पद्धत केली. फायरवॉल आता तुमच्या सेवेचं नाव बघून आत घेते. पत्ता बदलला तरी... काही बिघडत नाही."

"सोमवारी?"

"हो."

"आणि सोमवारपासून रोज फोन कशाला केलास मग? मी इथे सगळ्यांशी वैर घेतलं. रात्रीची झोप नाही मला. पत्ता तोच आहे ना, पत्ता तोच आहे ना, आणि मी वेड्यासारखी..." सारं ऑफिस बघत होतं. तिला पर्वा नव्हती.

"सांगितलं असतं," तो हळूच म्हणाला, "तर फोन करायला निमित्त काय उरलं असतं? माझं चुकलं. तुम्ही इकडे एवढं भांडताय हे मज ठाऊक नव्हतं. रोज सांगणार म्हणूनच फोन लावायचो... आणि तुमचा आवाज आला की सांगितलं तर हा आवाजच जाईल असं वाटायचं. म्हणून आज समोर आलो. मला तुम्ही आवडता. आता ओरडा."

ती ओरडणारच होती. तोंडही उघडलं होतं. तो भिजलेला, मान खाली घालून उभा, कपाळावरचं चंदन पावसाने ओघळलेलं. तिने रुमाल काढला आणि ते रागारागानेच पुसलं, चांगलं खसखसून.

"उद्या फोन कर," ती म्हणाली. "पत्त्याचं विचारलंस तर मात्र ठेवून देईन."