न फुटलेली झारी

तो माझ्या ओट्यावर येऊन उभा राहिला तेव्हा नखशिखांत भिजलेला होता, चपला हातात, आणि अंगात कोरा करकरीत बाटिकचा सदरा. उद्या धाकट्या भावाचं लग्न आणि मातीची झारीच आणायची राहिली, म्हणाला.

जावा बेटावरच्या आम्हा सुंदा लोकांत नवरा दारात पायानं अंडं फोडतो, नवरी झारीतल्या पाण्यानं तो पाय धुते आणि झारी तिथंच आपटून फोडते. तिच्याबरोबर एकटेपणही फुटतं, असं आई म्हणायची.

आठ दिवसांच्या पावसानं माझी भट्टी पेटली नव्हती. फळीवर एकच झारी उरली होती... माझी. एकोणिसाव्या वर्षी, स्वतःच्या लग्नासाठी घडवलेली. पुढे दोन्ही धाकट्या बहिणी उजवल्या आणि मी चौतीस वर्षांची झाले.

"सदरा भावानं दिला ना?" मी विचारलं. "थोरल्याच्या आधी लग्न करतोय म्हणून?"

"कसं ओळखलंत?"

"माझ्या पेटीत अशी दोन कापडं पडून आहेत. घडीसुद्धा मोडली नाही."

तो माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. मी झारी पुसून त्याला दिली. तो गेल्यावर रिकाम्या फळीकडे बघून मला रडू कोसळलं.

तिसऱ्या दिवशी तातांग, नाव तेव्हा कळलं, झारी घेऊन परत आला. नवरीनं तीनदा आपटली तरी फुटली नाही. पाहुणे हसून बेजार, त्याची आई रडकुंडीला.

"कसली माती घालता हो? नवरी दमली बिचारी."

"शिकाऊ हातांनी जाड झाली," मी म्हणाले. "ती विकायची नव्हतीच. माझ्या लग्नाची होती."

मग त्यानं झारी अलगद फळीवर ठेवली, पूर्वीच्याच जागी.

"तुमच्या घरी... कुणाला विचारायचं?"

वडील नाहीत, निकाह लावून द्यायचा तो थोरल्या भावानं, आणि तो समुद्रापलीकडे कालिमंतानला लाकडाच्या वखारीत, ईदलाच घरी येतो. मी सगळं सांगितलं.

"ईदला पाच महिने आहेत. मी बोटीनं जातो. पत्ता द्या."

"आधी मला विचारायचं असतं."

"विचारतोय," तो हळूच म्हणाला.

अशा वेळी मुलगी गप्प राहिली की तोच होकार धरतात. पण गप्प तर मी पंधरा वर्षं होतेच. म्हणून मोठ्यानं म्हटलं, "हो."