पंचायतीने ठरवलेला पांढरा

वर्णमापकाचा दिवा लाल तो लालच राहिला. रेहाना शिकलगारने तार उपसली, फुंकर मारली, पुन्हा खोचली. पलीकडे, प्लास्टिकच्या पडद्याआड, दामोदर नाईकवडी कण्हत होते. बाहेर मंगळावरची सकाळ नेहमीसारखीच तांबूस आणि मुकी होती.

"झालं का?" डॉक्टर अवधूत खांबेटे दारात येऊन उभा राहिला. हातमोजेसुद्धा काढले नव्हते.

"यंत्र माझ्याशी बोलतच नाहीये, अवधूत."

"मग दामूकाकांशी तू बोल. 'आणखी किती वेळ' हा प्रश्न मला आता ऐकवत नाही."

काकांच्या आतड्याला पीळ पडला होता. अवधूतने बेंबीजवळच्या छिद्रातून कॅमेरा आत घालून तो पीळ सोडवला, पण तेवढ्या वेळात बऱ्याच लांब आतड्याचा रक्तपुरवठा तुटला होता. आता ते जिवंत आहे की मेलं, हे एकाच गोष्टीवरून कळणार होतं. रंगावरून. लाली परतली तर जिवंत, काळंनिळं राहिलं तर मेलेलं. मेलेलं आत राहिलं तर विष भिनून माणूस दगावणार. भीतीपोटी जास्त कापलं, तर तळावरच्या मोजक्या अन्नावर तो हळूहळू उपाशी मरणार. कॅमेरा अजून आतच होता, आणि त्याच्या पडद्यावर अवधूतला ते आतडं कधी लालसर दिसत होतं, कधी जांभळं.

पृथ्वीला विचारायची सोय नव्हती. सूर्य आड आला होता. संपर्क जुळायला अजून आठवडा होता. काकांकडे संध्याकाळपर्यंतचाच वेळ होता.

लिंबाएवढं ते वर्णमापक यंत्र संगणकाच्या पडद्याला चिकटवायचं. पडद्यातून निघणारा लाल, हिरवा, निळा प्रकाश ते मोजतं आणि कोणता किती चुकला ते सांगतं. पण त्याच्यासोबत आलेली आज्ञावली वेगळ्याच प्रणालीसाठी लिहिलेली, आणि तळावरचे सगळे संगणक लिनक्सवर चालणारे. त्यामुळे आल्या दिवसापासून ते खोक्यात पडून होतं. त्याच्यावाचून अडलंही नव्हतं, कारण तळावर शनिवारची पंचायत होती. पाचही जण पडद्याशेजारी पांढरं कार्ड धरून बसत आणि दोन्ही पांढरे सारखे दिसेपर्यंत पडद्याचे रंग हाताने कमीजास्त करत. सगळ्यांचं एकमत कधीच होत नसे. मग मधला मार्ग काढायचा. काका खनिजतज्ज्ञ, उभा जन्म दगडांचे रंग ओळखण्यात गेलेला. दर शनिवारी ते ओरडत, "अरे, निळाशार केलाय की रे पडदा! नीळ घातल्यागत!"

"काका, चार विरुद्ध एक," रेहाना हसून म्हणे. "लोकशाही आहे."

आज तिने जुन्या साठ्यातून लिनक्सवर चालणारी मोजणारी आज्ञावली शोधून बसवली होती, तरी यंत्र गप्पच. आता तिने लिनक्सची नोंद ओळ ओळ वाचायला घेतली आणि कपाळावर हात मारला. यंत्र लावताक्षणी लिनक्स त्याला माऊस समजून धरून ठेवत होतं. माऊस हलेना म्हणून लिनक्स गप्प, आणि कोणी मोजायला सांगेना म्हणून यंत्र गप्प. तिने दोन ओळींचा नियम लिहिला: हे यंत्र दिसलं तर सोडून दे, मोजणाऱ्या आज्ञावलीच्या हाती दे.

दिवा हिरवा झाला.

पडद्यावर रंगांचे चौकोन एकामागून एक उमटत गेले. शेवटी यंत्राने आपली दुरुस्ती लावली, आणि अख्खा पडदा हळदीच्या दुधासारखा पिवळट झाला. तिने पांढरं कार्ड शेजारी धरलं. जुळण्याचं नावच नाही.

"हे बरोबर आहे?" अवधूतचा आवाज चिरकला.

"थांब. पडद्याचा प्रकार चुकीचा दिला असेन मी." तिने प्रकार बदलून पाहिला, तर आज्ञावलीनेच तो नाकारला, पहिलाच बरोबर होता. पुन्हा मोजलं. पिवळाच. यंत्र सोडवून दुसऱ्या संगणकाला लावलं, पुन्हा मोजलं. पिवळाच. तिचे डोळे भरून आले. प्लास्टिकच्या पडद्याआडून काकांनी कोणाला तरी "पाणी" म्हटलं आणि कोणीतरी "अजून नाही हो" म्हणालं.

मग तिचं लक्ष आकड्यांकडे गेलं. तिन्ही वेळचे आकडे दशांशापर्यंत तेच होते.

"अवधूत, बिघडलेलं यंत्र इतकं एकसारखं चुकत नाही. तुला हा पडदा कसा दिसतो? कार्डाच्या मानाने?"

"हिरवट पिवळा. थोडासाच."

"मला गडद पिवळा दिसतो." तिने कार्ड खाली ठेवलं. "यंत्र बरोबर असेल तर?"

"मग आपण..." अवधूत खुर्चीवर बसला. "किरणोत्सर्गाने डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं. पण दहाएक वर्षांनी पडेल असा अंदाज होता. आणि भिंग पिवळं असेल तर कार्डही तितकंच पिवळं दिसायला हवं ना?"

"नाही, तितकंच नाही. कार्डाच्या पांढऱ्यात सगळ्या लहरी असतात. पडद्याच्या पांढऱ्यात तीनच अरुंद पट्टे, लाल, हिरवा, निळा. निरोगी डोळ्याला दोन्ही सारखे वाटतात, कारण पडदा त्याच डोळ्यासाठी बनवलाय. पिवळं भिंग पडद्याचा निळा पट्टा जवळजवळ गिळून टाकतं. कार्डाचा निळा जास्त पसरलेला, त्यातला बराच वाचतो. म्हणून आपल्याला पडदा पिवळा वाटला, आणि दर शनिवारी आपण त्यात निळा ओतत गेलो."

"तरी ते आपल्या डोळ्यांपुरतं बरोबरच झालं की."

"कोणाच्या डोळ्यांपुरतं? तुझं भिंग वेगळं पिवळं, माझं वेगळं. आपण चौघांची सरासरी काढली. ती चौघांपैकी एकाचीही नाही."

अवधूतने हातमोजे काढले आणि पुन्हा घातले. "म्हणजे यंत्राने लावलेला पडदा खरा आहे, पण तो बघायला खरा डोळा इथे कोणाकडेच नाही."

रेहाना प्लास्टिकच्या पडद्याकडे वळली. पाचवा माणूस. ज्याला दर शनिवारी पडदा निळा दिसत होता.

"अवधूत, काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय ना?"

"निघण्याआधी. दोन्ही डोळ्यांत कृत्रिम भिंगं आ..." त्याचं वाक्य अर्धवट राहिलं.

त्यांनी कॅमेऱ्याचा पडदा ढकलत काकांच्या खाटेपाशी नेला. रेहानाने जमेल तितकं थोडक्यात सांगितलं. काकांचा चेहरा घामाने चमकत होता. ते ऐकत राहिले आणि मग कण्हतच हसले.

"म्हणजे माझी आतडी मीच निवडायची? भाजी निवडल्यागत?"

"काका, नुसतं बघा. रंग कसा दिसतो?"

त्यांनी पडद्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं, दगड निरखावा तसं. "आज पडदा बरा लावलाय, पोरी. पहिल्यांदाच." मग त्यांनी बोट उचललं. "हितनं... हितवर. हे गेलं. जांभूळ पिकल्यागत झालंय. ह्याच्या पुढचं लाल आहे. मळकट, पण लाल."

त्यांनी दाखवलेला तुकडा अवधूतने ठरवला होता त्याच्या निम्मा होता. त्याने सुस्कारा सोडला आणि भुलीची सुई हातात घेतली.

"थांब," काका म्हणाले. "मला झोपवल्यावर कोण बघणार?"

कापून जोडल्यावर टोकांना लाली येते का, हे पुन्हा बघावं लागणार होतं. नाही आली तर आणखी कापावं लागणार होतं.

अवधूतने सुई खाली ठेवली. "पाठीतून भूल देतो. छातीखाली बधिर व्हाल, पण जागे राहाल. काका, फार वेळ लागेल."

"मग काय, दगड बघत आयुष्य काढलं, आता हे." त्यांची नजर एकेकाच्या डोळ्यांवरून फिरली आणि रेहानापाशी येऊन थांबली. आवाज खाली आला. "परतीचं यान कधी गं?"

"पुढच्या वर्षी."

"तुमची भिंगं इतकी पिवळी, तर आतलं बाकीचं?" त्यांनी मान हलवली. "माझंबी तसलंच असणार. भिंगं तेवढी विकतची."

छातीवरच्या किरणमापक पट्ट्या पृथ्वीवर गेल्यावरच वाचता येणार होत्या.

"ते नंतर," काका म्हणाले. "पडदा इकडं वळवा."

रेहानाने पडदा वळवला. तिला तो अजूनही हळदीच्या दुधासारखा दिसत होता. सवयीने तिचा हात रंगाच्या कळीकडे गेला. तिने तो मागे घेतला आणि दोन्ही हात पाठीमागे धरून उभी राहिली.